आज फोडशी नाही

पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं
कारण शाळा बंद झाली तरी
खडूचा अर्धा डबा माझ्या घरी उरला होता.

दाभोळच्या धक्क्यावर, बर्फाच्या बंद कारखान्याच्या पडवीत
शनिवारचा बाजार भरवायचा ठरलं.
आपलंच, आपल्या मातीतलं, आपल्या हातचं,
असं सरपंचीणबाई म्हणाल्या
आणि टाळ्या पडल्या;
टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे तरी
चिपळूणहून कोबी आणून खाणारे. त्यांत मीही.

सुरुवातीला सोपं होतं.
कुळथाचं पीठ, पावशेर, अमुक रुपये.
मैमूना सारंगचे सोडे,
बरणी उघडली की आषाढात मे महिना.
भाटकरांचं आगळ, बाटल्या सरबताच्या, बुचं कसलीतरी.
धोपाव्याहून फेरीबोटीने आलेला खाजणातला तांदूळ,
लाल, जाडा, खाऱ्या पाण्याशी भांडत वाढलेला;
त्याच्या पोत्यावर बोटीतली कोणाची तरी मोटरसायकल टेकून आलेली.

मग हिरू वाघे आली.
तिच्या डोक्यावर पाटी, माझ्या हातात पाटी.
तिच्या पाटीत टाकळा, कुर्डू,
आणि फोडशीच्या ओल्या जुड्या, वाखाने बांधलेल्या.

भाव काय लिहू?
हिरू हसली. ‘रानात उगावतं त्ये. त्येचा कसला भाव?’
खरंच की. टाकळ्याला कधी कोणी भाव विचारलाय?
बांधावरून खुडायचा, शेजारी द्यायचा,
उरलाच तर सुनेच्या माहेरी.
खडू हातात धरून मी नुसता उभा.
‘कमरेचा भाव लाव गो,’ मैमूना तिकडून ओरडली,
‘वाकलीस ना सकाळपासून? वाकण्याचे घे.’
मी वीस लिहिले.
हिरूने वीसकडे असं पाहिलं
जसं कोणी तिच्या अंगणात गाडी लावलीय.

दहाच्या आत सगळं संपलं.
कोणी पैसे दिले, कोणी सुकटीचा वाटा,
कोणी नुसतंच विचारून गेलं, की कांदा किती घालायचा,
आणि त्यावरून तीन बायांत जे जुंपलं
ते बोट सुटली तरी मिटलं नाही.

दुसऱ्या शनिवारी फोडशीसाठी रांग.
रांगेत तरुण पोरं, बँकेचे साहेब, 
गुहागरला निघालेली एक पांढरी गाडी.
फोडशी विकणारेही सात झाले.
मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू,
घरी जाऊन मी बायकोला दोनदा सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी हिरू आली नाही.
शाळेमागच्या उतारावर गेलो तर
माती उकरलेली, डुकरं फिरल्यासारखी.
पातं कापायचं सोडून
कंदासकट उपटून नेलेली फोडशी.
खड्ड्यात एक रबरबँड. माझ्याच बाजारातला.

संध्याकाळी तिच्या झापावर गेलो.
ती बोलली नाही. मुलाला म्हणाली,
‘गुरुजींना पानी दे.’
पाणी पिताना माझाच आवाज मला ऐकू आला.

आज ती उशिरा आली.
रिकामी पाटी घेऊन तिच्याच जागेवर बसली,
पाटी उताणी, तळाला दोन वाळकी पानं.
‘लिवा,’ म्हणाली.
मी लिहिलं: आज फोडशी नाही.
‘आनि खाली लिवा, कांदा जमिनीत ऱ्हाऊ द्या.’
तेही लिहिलं.

बोट लागली. माणसं आली, वाचली,
काही वळली, काही उगाच उभी राहिली,
रिकाम्या पाटीत डोकावून.
एका पोराने विचारलं, मग कधी?
हिरूने उताराकडे पाहिलं
आणि बोटाच्या पेरावर अंगठा टेकवला:
इतकी. पुढच्या साली. बघू.

दुपारी पागोळीखाली पाटी भिजली,
नेमकं ‘नाही’ पुसलं गेलं.
दोघं लगबगीने पुढे आले.
मी खडू काढला, पुन्हा लिहिलं,
या वेळी जरा दाबून.