पाव ते अर्धं

टक्.
माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर.
पडावच्या पुलाची चढण लागली की एकदा,
मधल्या दिव्याच्या खांबापाशी लागोपाठ दोनदा,
आणि माथ्यावर, मूठ पुरती पिळली की,
गाडी अशी सुटते
जशी कधी अडलीच नव्हती.

"जाणवलं?" मी विचारते.
"काय?" म्हणतो उपेंद्र.

पुढे बसतो त्याच्या हातात मूठ असते,
तो नकळत सांभाळून घेत जातो.
धक्का मागे पोचतो.

ब्याण्णवची यामाहा, तिसऱ्या हाताने आमच्याकडे आलेली.
टाकीवर कुणाच्यातरी मुलीचं नाव, पिंकी.
ते खरवडायचं अजून आमच्या जिवावर येतं.
हजिऱ्याच्या मिस्त्रीने प्लग बदलला.
छावणीतल्या दुसऱ्याने कार्बोरेटर उकलला,
सुईची क्लिप एक खाच खाली नेली,
आठ दिवसांनी एक खाच वर,
साडेतीनशे रुपये, आणि वर,
"भाभीजी, पेट्रोल ही गडबड आ रहा है आजकल."

मी शाळेची प्रयोगशाळा सांभाळते.
बावीस वर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडते आहे,
एका वेळी एकच गोष्ट बदला रे,
बाकी सगळं होतं तसं राहू द्या,
आणि लिहा. लक्षात राहील म्हणू नका.

म्हणून मुठीवर पांढरी चिकटपट्टी,
पट्टीवर पेनाने पाव, अर्धं, पाऊण,
समोर स्विचच्या डबीवर एक न हलणारी रेघ.
रविवारी सकाळी मेळ्याच्या बाजूचा रस्ता रिकामा,
पाळणे धुक्यात अर्धवट लटकलेले,
एक चहावाला पेटत नसलेल्या शेगडीशी भांडत होता.
उपेंद्र ओरडून खूण सांगे.
मी टक् मोजी, मांडीवरच्या वहीत, हातमोजे घालून,
ते अक्षर आता माझं मलाच लागत नाही.

पावाच्या आत: आयडल वर-खाली. मूठ सोडली तरी
आवाज लगेच उतरत नाही, रुसल्यासारखा रेंगाळतो.
पाव ते अर्धं: टक्, टक्, टक्.
पाऊणच्या पुढे: साफ.
मग फक्त चोक अर्धा ओढला.
पाव ते अर्धं: एक. पुढच्या फेरीत तोही नाही.

चोकने बरं वाटतं,
म्हणजे पेट्रोल कमी पडतंय,
किंवा कुठून तरी हवा आत येतेय
जिचा हिशेब कुणी धरलेला नाही.

सोमवारी शाळेतून वॉश-बॉटल आणली, वाकड्या नळीची.
इंजिन गरम, गाडी स्टँडवर.
कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं ते आखूड काळं रबर:
वरून पाणी. काही नाही.
डावीकडून. काही नाही.
खालून, जिथे नजर जात नाही,
नुसत्या हाताच्या अंदाजाने,
आणि गाडीने आवंढा गिळला.
दोन सेकंद एका सुरात चालली.
मग पाणी ओघळलं, आणि पुन्हा तेच वर, तेच खाली.

"हां," म्हणाला उपेंद्र.
एवढंच. पण पाना आणायला स्वतः आत गेला.

पाटणकर बाजारात एकशेचाळीस रुपये.
दुकानदाराने जुनं रबर उजेडात फिरवलं,
"ये तो ठीक है, मॅडम."
सरळ धरलं तर ठीकच होतं, काळं, अखंड.
मी दोन्ही अंगठ्यांनी वाकवलं.
भेग उघडली,
थंडीत फुटलेल्या ओठासारखी.

ते रबर आता माझ्या खणात असतं, लिटमसच्या शेजारी.
पुलावर मधला खांब आला
की माझी मान अजून आपोआप ताठ होते.
टक् होत नाही.

दिवाळीपासून उपेंद्र ऑफिसचं काही सांगत नाही.
विचारलं की, "काही नाही."
मी चिकटपट्टी अजून काढलेली नाही.
मला वाटतं चुकतंय ते एवढंच,
मी नेहमी सरळ रस्त्यावर विचारते.