मधलं नाव

पहाटे पावणेतीनला सेंगाच्या दारात व्हॅन उभी,
काचेवर बर्फाची साय धरलेली.
ड्रायव्हरनं किराणा दुकानाच्या पॉइंट्सच्या कार्डानं ती खरवडली,
आणि आम्ही पाच बायका
एकमेकींना शूऽ शूऽ करत
सगळी गल्ली जागी करून निघालो.

किल्मार्नकच्या शाळेत आम्ही पोरांना जेवण वाढतो.
चारशे ताटं, सव्वा तास.
मटार किती, बटाटा किती, हाताला माप बसलेलं.
पण या विमानकंपनीचं माप आमच्याहून कडक:
बॅग एकच, सीटखाली मावेल तेवढी,
चाकं धरून.

म्हणून एफीनं तीन स्वेटर अंगावर चढवले,
त्यांवर नवऱ्याचा गळ टाकायला जायचा कोट,
त्याला अकरा खिसे,
खिशांत चार्जर, रक्तदाबाच्या गोळ्या, पोहण्याचा पोशाख,
डावीकडे डावी सपाता, उजवीकडे उजवी.
अंगापेक्षा बोंगा मोठा, उना म्हणाली.
एफीला हसायलाही जागा उरली नव्हती.

तपासणीत सेंगाचा मुरंबा अडकला.
'हे पातळ नाही,' म्हणून तिनं बरणी उलटी धरून दाखवली.
खरंच, तो जागचा हलला नाही.
गणवेशातला पोरगा म्हणाला,
'तुम्ही मला दुसऱ्यांदा कस्टर्ड वाढलं नव्हतं. पाचवीत.'
आणि बरणी डब्यात टाकली,
अगदी हळू, फुटू नये अशी.

तिकिटं सहा होती.
ऑगस्टमध्ये काढली तेव्हा आम्ही सहा होतो.
एकोणीस पौंडांचं तिकीट,
त्यावरचं नाव बदलायला एकशे पंधरा.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
म्हणून रोनाच्या जागी कुणीच आलं नाही.

नोव्हेंबरात तिच्या मुलाबद्दल मी बोलले.
पबमध्ये, सगळ्यांसमोर, दुसऱ्या ग्लासानंतर.
जे बोलले ते खरं होतं.
म्हणूनच तर.
तेव्हापासून ती भांडी घासायच्या बाजूला उभी राहते,
मी वाढायच्या.
मध्ये वाफ.

गेट नंबर चारशी आम्ही कागदी पेल्यातला चहा पीत होतो.
काचेपलीकडे प्रेस्टविकचा काळोख, त्यात एक पिवळं जाकीट
हातातले दिवे हलवत होतं.
आणि स्पीकर खाकरला:
प्रवासी रोना फिलोमिना मॅकगर्क,
त्वरित गेटवर यावे.

मोरागकडे पाहिलं. ती बुटाची नाडी बांधू लागली.
तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.
तिनं रोनाचंही चेक-इन करून ठेवलं होतं,
मला न सांगता.

फिलोमिना.
बावीस वर्षं एकाच चुलीशी उभ्या राहिलो आम्ही,
तिच्या बाळंतपणात मी तिचे पाय चेपलेत,
आणि हे नाव मला
छताच्या भोकाभोकाच्या पत्र्यातून कळावं.
अजून दोनदा पुकारलं.
तिसऱ्यांदा आवाजात थोडा राग होता,
जसा शाळेत गैरहजर पोरावर असतो.
आम्ही कुणीच 'ती येणार नाही' म्हणून सांगायला उठलो नाही.

चौदा ई रिकामी गेली.
एफीनं तिथं दोन स्वेटर उतरवून ठेवले.
विमान वर चढलं तसं
सगळा आयर किनारा मूठभर दिव्यांचा झाला,
आणि उनानं माझा हात धरला, भीतीनं,
मी तो दुसऱ्याच अर्थानं धरून ठेवला.

तिकिटावर बार्सिलोना होतं, उतरलो जिरोनाला.
बार्सिलोना बसनं सव्वा तास पुढे.
तेही आम्हाला तिथं गेल्यावर कळलं.
उन्हात उभ्या राहून एफी एकेक खिसा रिकामा करत होती,
उजवी सपाता सापडली, डावी नाही.

मी फोन सुरू केला. कुणाचाच निरोप नव्हता.
माफी लिहायला घेतली, पुसली.
पुन्हा लिहिली. फार लांब झाली.
मग एवढंच पाठवलं:
फिलोमिना?

बस आली. मोरागनं सुटे मोजले,
सवयीनं, सहा जणींचे.