आठ झटके

चाळीस वर्षं मी विजेच्या खांबांवर चढलो,
इद्रियाच्या वरच्या डोंगरात, गुडघाभर बर्फात,
आणि विजेबद्दल एकच गोष्ट शिकलो:
तिला गृहीत धरायचं नाही.
एकदा तिनं मला हात लावला होता.
डाव्या तळव्यावर नाण्याएवढा डाग आहे अजून,
तिथं गरम कपसुद्धा कळत नाही.

म्हणून डॉक्टर तुर्नशेक म्हणाल्या,
मिलोइकाच्या पायाला आपण वीज देऊ,
तेव्हा मी टोपी डोक्यावर ठेवली
आणि परतीची बस किती वाजता आहे, ते विचारलं.

त्या हसल्या नाहीत. कागद ओढून गोल काढला.
ही गाठीतली पेशी. हे तिचं आवरण.
औषध जालीम आहे, पण दाराशीच ताटकळतं,
ही त्याला आत घेत नाही.
आठ झटके द्यायचे, एकेक
सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा.
आवरणाला भोकं पडतात, औषध आत शिरतं,
मग भोकं आपली आपण बुजतात.

"भोकं पाडून कुणी बरं होतं का?" मी म्हणालो.

तेव्हा मिलोइका बोलली,
महिन्याभरात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं:
"वेंडेलिन, माझी लेस कशाची असते?"

आमच्या घरी रात्री टकटक असायची.
कडक गोल उशी, टाचण्या, रिळांच्या बारा जोड्या,
आणि हिचे हात, चुलीपेक्षा जास्त जागे.
"दोरा कुणालाही आणता येतो," ती डॉक्टरांना सांगत होती,
"गिऱ्हाईक पैसे देतं
भोकं जागच्या जागी पडली तर."

मी टोपी काढली.

काचेपलीकडून पाहिलं मी.
शिरेतून औषध गेलं,
मग आठ मिनिटं कुणी काहीच केलं नाही.
नर्स भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती,
मी नर्सकडे.
मग सुया टेकल्या
आणि झोपेतल्या मिलोइकाचा पाय उसळला,
पुन्हा दुसऱ्या गाठीवर, पुन्हा तिसऱ्या.
खांबावर माझा हात असाच उसळला असणार.
मला कुणी सांगितलं नव्हतं कधी, तो कसा दिसतो ते.

चौदा गाठी होत्या.
दीड महिन्यात अकरांवर काळ्या खपल्या धरल्या आणि पडल्या.
दोन तशाच आहेत, एकीचं डॉक्टरांना नक्की सांगता येत नाही.
गुडघ्यावर काहीतरी नवं आहे, की डास चावलाय?
मिलोइका म्हणते, डास.
नोव्हेंबरात पुन्हा जायचं आहे.
ती पुन्हा उशीशी बसते, पाय स्टुलावर,
मी चष्मा लावून टाचण्या वेचून देतो.

काल रात्री ती झोपल्यावर
तिच्या नडगीवरच्या कोवळ्या कातड्यावर मी तळवा ठेवला.
काही कळेना. ना ऊब, ना काही.
घाबरलोच.
मग लक्षात आलं, डावा होता.
उजवा ठेवला.