नावे

पन्नासच्या आधीचा पुरावा लागेल,
खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला.
घरपट्टी? घर शेठच्या जागेत होतं.
सातबारा? मी हसले. तोही हसला, माणूस वाईट नव्हता.
शाळेचा दाखला?
आठव्या वर्षी आज्याच्या हातात कोयती होती.

मग होडीनं गोराईला गेले, मुलाला घेऊन.
वाडीत आता लग्नाचा हॉल आहे,
ताडांना निळे दिवे गुंडाळलेत.
शेठच्या नातवानं खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं.
या ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर
माझी आई कधी चढली नाही,
ते बोलायचं राहून गेलं. सरबत थंड होतं.
माळ्यावरून त्यानं लाल कापडातली चोपडी काढली,
अर्धी वाळवीनं वाचून संपवलेली.

सन सेहेचाळीस, माघ.
जिवल्या लाडक्या वरठा, जात वारली, राहणार वाडीतच.
लग्नाकरिता नावे रुपये पंचेचाळीस,
भात एक मण, लुगडं एक.
फिटेतो राबेल. बायकोसह.
खाली अंगठा.

नावे म्हणजे उधार,
हे मला बोरिवलीच्या बँकेत चिकटल्यावर कळलं.
तोवर वाटायचं, नावे म्हणजे नावं.

तीस उन्हाळे.
बैल बसला की आज्या रहाटाला खांदा द्यायचा.
आजी गोठ्यात बाळंत झाली
आणि दुसऱ्या दिवशी तिथलंच शेण काढलं.
कायदा आला तेव्हा पाड्यावर तारपा वाजला नाही.
मुकादम एवढंच म्हणाला, उद्यापासून रोज मिळेल.
आज्यानं विचारलं,
"न् उद्या मी नाय आलो तं?"
पुढं कितीतरी दिवस विचारत राहिला,
रोज कामावर जाऊन.

"न्या मूळ पान," नातू म्हणाला, "आम्हाला काय करायचंय?"
खिडकीतला माणूस खूश झाला.
जात कशी स्वच्छ लिहिलीय, म्हणाला,
असा पुरावा फार थोड्यांकडे असतो.

बाकावर बसून मी पान पुन्हा उघडलं.
डावीकडची जमेची बाजू कोरी. वरपासून खालपर्यंत.
पर्समधून पेन काढलं.
आई, मुलगा म्हणाला,
तिथं काही लिहू नकोस.
खाडाखोड चालत नाही.