साडेअकरा मिलिमीटर

बो-युआन आला तेव्हा शटर अर्धं खाली ओढलं होतं.
वाकून आत शिरला, हेल्मेटसकट,
आणि मग उभा राहिला.
पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढली त्याने
जाडजूड शब्दकोशाएवढी संगणकाची पेटी.
"यात पाण्याचा ब्लॉक बसवायचाय. तांब्याचा."
"विकत मिळतात की."
"मिळतात. बसत नाहीत."

चिपच्या माथ्यापासून झाकणापर्यंत साडेअकरा मिलिमीटर.
डावीकडे कॅपॅसिटरची रांग, उजवीकडे मेमरीची भिंत,
आणि नळी वळवायची म्हटलं तर
करंगळीलाही अंग चोरावं लागेल.

बाकीचं त्याने चहा पिताना सांगितलं.
ताइचुंगमध्ये, कालव्यापलीकडे, एकच खोली.
पलंगावर आई, तिच्या उशाशी टेबल.
रात्रभर तो लोकांच्या मुलाखतींतले खोकले कापतो,
अडखळणं कापतो, नको तिथले उसासे कापतो,
आणि पेटीतला पंखा सुटला की
आई कूस बदलते.
बोलत काही नाही.

जागा नाही, म्हणून ती जागी.

मी तांब्याची पट्टी शिकंज्यात आवळली.
तांबं म्हणजे लाडावलेलं पोर,
घाई केली की हत्याराला चिकटतं,
दटावलं की ओरखडे काढतं.
अर्ध्या मिलिमीटरच्या खाचा, एकतीस,
मधल्या भिंती कागदाहून जरा जाड.
तेलाची धार सोडून, श्वास धरून.
दोन चकत्या मोडल्या. तिसरी बाबांच्या डब्यातली,
शिवणयंत्रांच्या कारखान्यातून
त्यांनी कधीकाळी खिशात 'विसरून' आणलेली.

पहिला ब्लॉक देखणा झाला.
तळ असा घासला की त्यात माझी हनुवटी दिसायची.
फक्त बसेना.
सुताचा चौथा हिस्सा, तेवढ्यासाठी झाकण अडलं.
बोर्ड मधोमध फुगला होता, सात उन्हाळ्यांच्या तापाने,
आणि मी मोजलं होतं कडेला.
बाबा म्हणाले, तळ खरवड.
खरवडला. पाव मिलिमीटर. अजून पाव. अजून थोडा.

रात्री त्याला टिश्यू पेपर गुंडाळून पंप चालू ठेवला.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक नुसत्या संशयावर म्हणतात.
सकाळी मला ते कागदावर दिसलं,
दहाच्या नाण्याएवढं, गोल, निवांत.
शेवटच्या खाचेखाली केसाएवढी चीर.

चार दिवस मी त्या पेटीकडे पाहिलं नाही.
दुसऱ्यांचे बोल्ट, दुसऱ्यांचे दात्यांचे चाक.
पाचव्या दिवशी, शटर उचलायचा कंटाळा आला म्हणून
मीच खालून वाकून आत आले,
आणि तिथेच, अर्धी आत अर्धी बाहेर, थबकले.

पाण्याला वरून कशाला आणायचं?
बोर्डाचा एक कोपरा मोकळाच होता.
तिथे ब्लॉकला शेपूट काढलं, चिपहून खाली उतरणारं.
पाणी तिथून शिरेल, वाकून,
आणि आत आलं की उभं राहील.

दुसरा ब्लॉक देखणा नाही.
एका बाजूला डाख लागलाय, जुन्या भांड्याला लावतात तसा,
शेपूट किंचित तिरकं.
पण झाकण बसलं. आवाज न करता बसलं.
टिश्यू पेपर तीन रात्री कोरडा.

नवव्या दिवशी बो-युआनचा निरोप आला:
'चिप एकसष्टवर स्थिर आहे.
आई मात्र मध्यरात्री उठून विचारते,
बंद पडलं का रे?
मी म्हणतो, चालू आहे.
ती हात लावून बघते, मग झोपते.'

पहिला ब्लॉक मी भंगारात टाकणार होते.
बाबांनी तो नेऊन
गल्ल्याखालच्या भूमिदेवापुढे ठेवला, लाल दिव्याशेजारी.
नळ्यांच्या दोन भोकांत राख भरली, दोन उदबत्त्या खोवल्या.
लावायच्या असतात तीन.
तिसरी ते हातात धरून बसतात,
संपेपर्यंत.