अकरा मिनिटं

पाचपावलीच्या पुलाखाली
डोमाजी निनावेंचं सायकलचं दुकान.
पंक्चरच्या टबावर फळी, फळीवर पट.
एक काळा हत्ती कधीचाच हरवलेला,
त्याच्या जागी पेडलचा नट.

गिऱ्हाइकाला पांढरे. आपण काळे.
त्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं
की डोमाजी राजापुढचं प्यादं
नेऊन ठेवायचे थेट त्याच्या तोंडाशी.
ना जोर, ना आधार.
"घे ना बे," म्हणायचे,
आणि हात परत टायरमध्ये.

लोक घ्यायचे. कोण सोडतं फुकटचं?
मग घोडा, मग वजीर राजासमोर,
मग तिरपा शह. पांढरा उंट आडवा येणार,
आपला वजीर कडेचं प्यादं खाऊन
त्यांच्या ओसरीत बसणार,
आणि त्याला हुसकायला
ज्यानं तोच उंट एक घर पुढं केला,
तो तिसऱ्या खेळीला मेला.

"अन् उंटाऐवजी घोडा काढला तर?"
मी तेव्हा दहा वर्षांची.
"मंग आपण मेलो,"
व्हॉल्व्हला थुंकी लावून
बुडबुडा येतो का पाहत ते म्हणाले.

मे महिना. धंतोलीतला हॉल. चौथी फेरी.
समोर लकडगंजचा हर्षिल सारडा,
त्याचा कोच दाराशी उभा.
त्यानं प्यादं सारलं. मीही.
बर्डीवर पडलेली शंभराची नोट दिसल्यावर
माणूस आधी आजूबाजूला बघतो,
तसं त्यानं बघितलं.
मग घेतलं.

सहाव्या खेळीला त्याचा हात
उंटावर गेला. टेकला नाही.
मागे आला, हनुवटीखाली बसला.
कूलरचं पाणी संपलं.
कुणीतरी बादली आणून ओतली,
ओल्या वाळ्याचा वास आला, विरला.
माझा घाम पाटीवरच्या आकड्यांवर.
अकरा मिनिटं.

घोडा काढला त्यानं.
एकोणतिसाव्या खेळीला मी सही केली,
शून्य.

"घोडा?" डोमाजींनी पंप थांबवला.
"मंग पोट्टा हुशार आहे. किती टाइम घेतला त्यानं?"
"अकरा मिनिटं."
"अकरा? एका प्याद्यात?"
आणि असे हसले, असे हसले
की गुडघा लागून फळी उलटली,
सगळा डाव टबात.

प्यादी तरंगत वर आली.
नट नाही आला.
कोपरापर्यंत काळ्या पाण्यात हात घालून
आम्ही दोघं
हत्ती शोधत बसलो.