दहा हात ढलपी

गुरुवारी दुपारी सव्वाचारला, रेडिओवर,
कप्तान ओर्दोन्यो न्यूमोनियानं वारला.
दोनशे अकरा भाग समुद्र पालथा घालणारा माणूस,
आणि शेवट काय, तर सरकारी इस्पितळ, खाट क्रमांक नऊ,
जरासा खोकला.
मग साबणाची जाहिरात.

आम्ही सार्डिनची मुंडकी उडवत होतो.
दोरिंदाची सुरी हवेतच थांबली.
चाळीस बायका, कोपरापर्यंत खवले,
कुणी काही बोललं नाही.
नुसता पट्टा सरकत राहिला
आणि मासे मुंडक्यांसकट डब्यांकडे गेले.

रात्री मी हिशेबाची वही उलटी उघडली
आणि कप्तानाला खाटेवरून उठवला.
पहिल्या खोकल्यात इस्पितळाच्या खिडक्या गेल्या,
दुसऱ्यात छप्पर,
तिसऱ्यानं बंदरातली अठरा गलबतं
वारा नसताना अझोर्सला जाऊन लागली.

जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं.
"मिशी लांबव," एउदोसिया म्हणाली.
लांबवली. तिला आता तीन जहाजं बांधतात.
"रडतो का कधी?"
रडतो. आपली खाडी आधी गोडी होती.

मग वाचनालयात आंशो मास्तरांचा लेखनवर्ग सुरू झाला.
त्यांनी वही चाळली, चष्मा पुसला, पुन्हा चाळली.
"बाई, नऊ हात लाकूड आणि दहा हात ढलपी!
हा वरचा एक हात आला कुठून?
मोजून लिहा. खरं वाटलं पाहिजे."

मी मोजून लिहिलं.
आठवडाभर कप्तान पेन्शनच्या रांगेत उभा होता.
वजन ब्याऐंशी किलो, गुडघेदुखी,
अर्जावर फोटो नाही म्हणून परत पाठवलेला.
शिक्क्याची शाईसुद्धा बरोबर, जांभळी.
एउदोसिया तोंडात पावाचा घास तसाच ठेवून झोपली.
दोरिंदा म्हणाली, "हे मला घरी फुकट मिळतं."

माझा बाप नावा बांधायचा.
बांधलेली पहिल्यांदा पाण्यात घालायची तीही स्वतःच,
दुसऱ्याच्या जिवावर कशाला, म्हणायचा.
बंदर कचेरीत त्या दिवसाची नोंद आहे.
लाट: साडेचार मीटर. दृश्यमानता: बरी.
नोंद करणारा माणूस प्रामाणिक होता,
त्याच्याकडे यंत्र होतं,
माझं त्याच्याशी भांडण नाही.

पण आई धक्क्यावर उभी होती, यंत्राशिवाय.
ती सांगते, लाटेनं आधी देऊळ घेतलं,
मग घंटा, मग चेस्टनटची टेकडी,
मग दिवसाढवळ्या चंद्र,
आणि सगळ्यात शेवटी बुटांचा एक जोड.
देऊळ तिथंच आहे. ती दर रविवारी त्यात जाते.
तरी सांगते.

गणित मीही केलं.
साडेचार मीटरात माझे पावणेतीन बाप
एकमेकांच्या खांद्यावर उभे राहतात.
आणि एकही मावत नाही.

पुढच्या वर्गाला मास्तरांनी पुन्हा तेच विचारलं,
वरचा एक हात कुणाचा?
मी म्हटलं, त्याचा. रंधा धरलेला.
मास्तर काही बोलले नाहीत.
लाल पेन्सिलीचं टोक मोडलं असावं,
बराच वेळ ती तासत बसले होते.

उद्या भाग तीनशे चाळीस.
कप्तान समुद्र पिऊन टाकणार आहे,
तळाशी कोण कोण सापडतं ते बघणार आहे.
दोरिंदाचं म्हणणं, ते नंतर.
आधी त्याला काराकासला पाठव.
तिचा भाऊ सोळा वर्षं तिथं आहे, पत्र नाही, पैसा नाही.
"एक कानफटात ठेवून दे म्हणावं, माझ्या नावानं."
इतक्या लांब जायचं म्हणजे दोन भाग वाटेतच जातील.
"जायचं कशाला?" ती सुरी पुसत म्हणाली,
"इथूनच मारू दे की.
हात लांब कर."